कुंडीतील नाशपाती : हौस आणि हवामान



वीतभर झाडाला लटकलेल्या पिवळ्या नाशपातीचे चित्र हल्ली मोबाईलवर फिरत असते. असे बोन्साय आपल्या विद्यालयात का लावू नये, असे काही विद्यार्थी व पालक आम्हाला विचारतात. प्रश्न चांगला आहे. रोप विकत आणण्यापूर्वी मात्र पुढील माहिती अवश्य वाचावी.

बोन्साय म्हणजे काय?

हा जपानी शब्द. 'बोन' म्हणजे उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणे. ही कला मूळ चीनमधली, पुढे जपानमध्ये वाढली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात 'बोन्साय नमस्ते' हे आंतरराष्ट्रीय संमेलन व प्रदर्शन भरले होते.

बोन्सायची वेगळी जात नसते. साधेच झाड मुळे आणि फांद्या वेळोवेळी छाटून लहान ठेवतात. झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, हा समज चुकीचा आहे. उपाशी झाड फळ धरत नाही. घरात बोन्साय ठेवले की प्रगती खुंटते, या समजुतीलाही आधार नाही.

लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट म्हणजे, छाटणीने पाने लहान होतात, पण फळ जवळजवळ नेहमीच्याच आकाराचे राहते. म्हणून लहान झाडावर एक-दोनच फळे ठेवावीत, बाकीची कोवळी असतानाच खुडावीत. नाहीतर झाड थकते.

नाशपातीची अट

नाशपाती हे थंड प्रदेशाचे झाड आहे. हिवाळ्यात ते पाने गाळून झोपी जाते. पारा सुमारे ७ अंशांच्या खाली ठरावीक तास राहिला, तरच कळ्या नीट जागे होऊन फुलतात. अनेक परदेशी जातींना अशी थंडी १००० तासांच्या आसपास लागते. पंजाबातील 'पत्थरनाख' या जातीला सुमारे १५० तास पुरतात. आपल्या शेजारी छत्तीसगडातील जशपूर आणि झारखंडातील नेतरहाट येथे नाशपाती होते, कारण ते भाग उंचावर आहेत. नेतरहाट सुमारे ११०० मीटरवर आहे. लांजीत मात्र पारा इतका खाली फार थोड्या रात्री जातो, आणि मे महिन्यात तो ४२ अंशांच्या पुढे चढतो. येथे नाशपातीचे रोप जगेलही, पण फळाचा भरवसा नाही.

शिवाय नाशपातीला फुले जुन्या फांदीवरील आखूड डिरांवर येतात. शोभेसाठी ते डिरे छाटले की फळ गेलेच. बी लावल्यास फळाला बरीच वर्षे लागतात, आणि ते मूळ फळासारखे निघेलच असे नाही. म्हणून नाशपाती नेहमी कलमाचीच लावतात. बहुतेक जातींना परागासाठी दुसऱ्या जातीचे झाडही जवळ लागते.

मग आपण काय लावावे?

आपल्या मातीचे झाड म्हणजे पेरू, ज्याला आपल्याकडे जाम म्हणतात. त्याची फुले नव्या फुटीवर येतात. त्यामुळे छाटणी केली की नवी फूट आणि तिच्याबरोबर फूलही येते. बोन्सायसाठी याहून सोयीचे फळझाड सापडणे कठीण. 'लखनौ ४९' ही प्रसिद्ध जात नावाने लखनौची असली, तरी तिची निवड १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात झाली.

कृती अशी :

१. पावसाळ्यात बोटाएवढ्या जाड फांदीची सुमारे ३ सेंटिमीटर साल गोलाकार काढावी. त्यावर ओले शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधावे. याला गुटी कलम म्हणतात.

२. सुमारे दीड महिन्यात मुळे दिसू लागली की गुटीच्या खालून कापून साध्या कुंडीत लावावे. खोड जाड होईपर्यंत एक-दोन वर्षे उथळ कुंडीची घाई करू नये.

३. आपल्या बांधीतील चिकण माती एकटी वापरू नये, पाणी साचून मुळे कुजतात. माती, विटांची बारीक खडी आणि कुजलेले शेणखत समान घ्यावे. कुंडीला खाली छिद्रे असावीत.

४. दर दोन वर्षांनी पावसाळ्याच्या सुरुवातीस झाड काढून मुळांचा सुमारे तिसरा भाग छाटावा आणि माती बदलावी.

खरी परीक्षा मे महिन्याची

उथळ कुंडी लांजीच्या उन्हात अर्ध्या दिवसात कोरडी पडते. एक दिवस पाणी चुकले की चार वर्षांची मेहनत जाते, आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी असते. म्हणून पालक व विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, प्रत्येक वर्गाला एक झाड देण्यापूर्वी सुट्टीतील पाण्याची पाळी लिहून ठरवावी आणि सावलीची जाळी बसवावी. तेवढी तयारी नसेल, तर पेरू अंगणात जमिनीतच लावावा. तेथे तो सर्वांना फळ देईल.

सहावीत लावलेले झाड दहावीत पुढच्या मुलांच्या हाती सोपवायचे असते. बोन्साय एकट्याचे काम नाही, हे त्यातून मुलांना कळेल.

स्वाध्याय

१. नाशपातीला थंडी का लागते?
२. नाशपाती आणि पेरूच्या छाटणीत फरक का करावा?
३. डिसेंबर व जानेवारीत रोज सकाळी ६ वाजता तापमान नोंदवा. पारा किती दिवस ७ अंशांच्या खाली होता?