शब्बाथच्या मेजावरील गुलाब

शुक्रवारी बाजारहाट करताना आपल्यापैकी पुष्कळजण फुलांची एखादी जुडीही घेतात. लंडनच्या ऐन जानेवारीत टवटवीत गुलाब थोड्या पौंडांत मिळतात, याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु शिक्षकाची खोड जात नाही. वेष्टनावर ‘केनिया’ असे वाचले की आम्हास नकाशा उघडावासा वाटतो.

नैरोबीच्या वायव्येस नैवाशा नावाचे सरोवर आहे. विषुववृत्त जवळ, म्हणून बारमाही ऊन. उंची सुमारे १,९०० मीटर, म्हणून हवा थंड. गुलाबास हेच मानवते. तेथील मळ्यांत काम करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक. खुडलेले फूल लगेच शीतगृहात जाते, तेथून थंड गाडीने विमानतळावर आणि विमानाने युरोपात. काही माल थेट इंग्लंडात येतो, काही हॉलंडमधील आल्समेरच्या लिलावात जातो. आपल्याकडे लिलावात भाव चढत जातो. तेथे तो वरून खाली उतरतो, आणि जो प्रथम बटण दाबील त्याचा माल.

आता हिशेब पाहू. विमानभाडे, शीतगृह, दलाली, दुकानदाराचा नफा असे सर्वांचे वाटे निघाल्यावर खुडणाऱ्या बाईच्या हाती आपल्या पौंडातला अगदी लहान भाग पडतो. शिवाय पाण्याचा खर्च आहेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे नैवाशाच्या एका गुलाबामागे ७ ते १३ लिटर पाणी लागते.

मग हे गुलाब घेऊच नयेत काय? उत्तर इतके सोपे नाही. क्रॅनफील्ड विद्यापीठाच्या २००७ च्या पाहणीत असे आढळले की, विमानाचा धूर हिशेबात धरूनही केनियाच्या गुलाबाने हवा कमी बिघडते. कारण हॉलंडमध्ये काचघरे इंधन जाळून ऊबदार ठेवावी लागतात. दुसरी गोष्ट एप्रिल २०१० ची. आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमाने काही दिवस बंद पडली. नैरोबीत फुले कुजली, आणि मळ्यांवरील हजारो मजुरांना घरी बसावे लागले. विक्री थांबली की पहिला घाव रोजंदारीवर पडतो. आपण बहिष्कार घातला तरी तसेच होईल.

आपल्या तोरात, अनुवादाच्या २४ व्या अध्यायात, गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी अशी आज्ञा आहे, मग तो मजूर परका का असेना. आज मजूर व गिऱ्हाईक यांच्यामध्ये हजारो मैल आहेत, म्हणून आपली जबाबदारी संपते असे आम्हास वाटत नाही. पुण्याजवळच्या तळेगाव-मावळातूनही १४ फेब्रुवारीसाठी गुलाब परदेशी जातात. तेव्हा ते फूल खुडणारी बाई मराठी बोलणारीही असू शकेल.

आपल्या हाती काय आहे? ‘फेअरट्रेड’ चिन्ह असलेली फुले पाहून घ्यावी. त्यांच्या निर्यातमूल्यावर १० टक्के जादा रक्कम मजुरांच्या निधीत जाते, आणि ती शाळा, दवाखाना की घरे यांवर खर्चावी हे मजुरांनी निवडलेली समिती ठरवते. याने सर्व अन्याय दूर होतो असे नव्हे. पण चिन्ह नसेल तर दुकानदारास विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर त्यालाही पुढे विचारावे लागेल. येत्या शुक्रवारी एवढे अवश्य करावे, ही विनंती.