दुसऱ्याचे दुःख हा खेळ नव्हे



९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले. काही जण मृत्युमुखी पडले, तर जखमींना कळवा आणि ठाण्याच्या रुग्णालयांत हलवावे लागले. आता कल्पना करा की, कोणी या घटनेवर मोबाइलवरील खेळ तयार केला आणि पडणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे गुण ठेवले. कळव्याहून रोज लोकल पकडणाऱ्या आपल्यापैकी कोणाला ते सहन होईल?

असे खेळ जगात खरोखर निघाले आहेत. २००४ साली ‘जेएफके रीलोडेड’ या खेळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळी झाडणाऱ्याची जागा खेळाडूला देण्यात आली. १५ मार्च २०१९ रोजी, शुक्रवारी, न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवर हल्ला झाला आणि ५१ जण शहीद झाले. त्यांत भारतीयही होते, तीन वर्षांचे बालकही होते. मारेकऱ्याने डोक्यावर कॅमेरा लावून हे कृत्य थेट प्रक्षेपित केले. त्याच वर्षी या हत्याकांडाचा गौरव करणारा एक व्हिडिओ गेम बाजारात आला. ऑक्टोबरमध्ये तेथील मुख्य सेन्सॉर अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली.

इस्लाम खेळाच्या विरोधात नाही. हबशी लोकांचे भाल्यांचे खेळ मस्जिदे नबवीत झाले आणि माननीय आयेशा (रजि.) यांनी ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आडून पाहिले, हे हदीसमध्ये नमूद आहे. परंतु खेळालाही मर्यादा आहे. कुरैशच्या काही तरुणांनी एक पक्षी बांधून त्याच्यावर नेमबाजी चालविली होती. माननीय अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांना पाहताच ते पांगले. तेव्हा त्यांनी सांगितले की, सजीवाला निशाणा बनविणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. एका प्रवासात झोपलेल्या सोबत्याची दोरी कोणी गमतीने काढून घेतली व तो दचकला, तेव्हा मुस्लिमाला घाबरविणे वैध नाही, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली. गमतीपुरती भीती जिथे निषिद्ध ठरली, तिथे एखाद्या मातेच्या पुत्राचा मृत्यू करमणूक कसा ठरेल?

हा नियम केवळ आपल्या समाजाच्या दुःखापुरता नाही. एका यहुदी व्यक्तीची अंत्ययात्रा जाताना प्रेषित (स.) उभे राहिले. लोकांनी मृताचा धर्म सांगितला, तेव्हा तोही एक जीव नव्हता काय, असे त्यांनी विचारले. म्हणून क्राइस्टचर्चच्या खेळाने आपल्याला वेदना होत असतील, तर अमेरिकेतील शाळेच्या हत्याकांडावरील किंवा अन्य कोणाच्या शोकावरील खेळानेही तितकीच वेदना व्हावयास हवी. सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीत एका निरपराध जीवाची हत्या ही अखिल मानवजातीच्या हत्येसमान सांगितली आहे. तेथे जीवाला जात-पंथाचे विशेषण जोडलेले नाही.

मात्र शोकांतिकेवरील प्रत्येक खेळ निंद्य नव्हे. २०१४ चा ‘दिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडमधील खेळ साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचला आहे. त्यात खेळाडू सैनिक नसतो. तो भूक आणि थंडीशी झगडणारा सामान्य नागरिक असतो. म्हणून मुलाच्या हातातील खेळाबाबत तीन प्रश्न विचारा: आपण कोणाच्या जागी आहोत? गुण कशासाठी मिळतात? मृताच्या आईसमोर हा खेळ खेळता येईल काय?

आदरणीय पालकांनो, मोबाइल हिसकावून घेतल्याने फारसे साधत नाही. मूल तोच खेळ मित्राच्या मोबाइलवर खेळते. त्याच्याशेजारी बसा, त्या घटनेत कोण गेले, मागे कोण राहिले हे सांगा. खेळ त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकावा, यासाठी त्याचे मन तयार करा. आणि मृतांच्या कुटुंबीयांना धीर लाभावा म्हणून दोघे मिळून दुआ करा.

अल्लाह आपल्या मुलांच्या अंतःकरणात दया निर्माण करो. आमीन.