मार लागला नाही, तरी मेंदूत रक्तस्राव कसा?

प्रश्न : चाकण एमआयडीसीत आमच्या लाइनवरचा सव्वीस वर्षांचा मुलगा सेकंड शिफ्टला अचानक डोकं धरून खाली बसला, उलटी झाली आणि बेशुद्ध पडला. मार नाही, बीपी नाही, व्यसन नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता फुटला. हे वजन उचलल्यानं झालं का?
– एक कामगार, चाकण

उत्तर : नाही, वजन उचलल्यानं असा गुंता तयार होत नाही. मार न लागता होणाऱ्या मेंदूतल्या रक्तस्रावाचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब. पण बीपी नसलेल्या तरुणात डॉक्टर आधी रक्तवाहिन्यांतला दोष शोधतात.

धमनीतलं जोरानं येणारं रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून शिरेत जातं. कॉम्प्रेसरच्या लाइनवर रेग्युलेटर दाब उतरवतो, तेच काम या केशवाहिन्या करतात. गुंत्यात त्या नसतातच. धमनी थेट शिरेला जोडलेली असते. पातळ शिरेला तो दाब पेलत नाही आणि कधीतरी ती फुटते, अगदी झोपेतसुद्धा. या गुंत्याला ‘एव्हीएम’ म्हणतात. न फुटलेल्या गुंत्यातून रक्तस्राव होण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के असतो. काहींना आधी फिट येते, काहींना काहीच जाणवत नाही. हा दोष सहसा आनुवंशिक नसतो, त्यामुळे त्याच्या भावंडांनी घाबरू नये.

दुसरा दोष म्हणजे धमनीच्या फाट्यावर येणारा फुगवटा, ‘अ‍ॅन्युरिझम’. तो बहुधा वाढत्या वयात येतो. धूम्रपान आणि बीपीमुळे फुटण्याचा धोका वाढतो.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, तर अँजिओग्राफीत फुटलेली जागा. मेंदूची अँजिओग्राफी १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी प्रथम केली. गुंता शस्त्रक्रियेनं काढतात, कॅथेटरमधून गोंदासारखा पदार्थ सोडून बंद करतात किंवा किरणोपचारानं मिटवतात. किरणांचा पूर्ण परिणाम व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

शॉप फ्लोअरवर असं कुणी कोसळलं, तर ‘ऊन लागलं’, ‘पित्त झालं’ म्हणून बसवून ठेवू नका. कांदा हुंगवू नका, पाणी पाजू नका. डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नको, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. चाकणच्या तळेगाव चौकातली वाहतूक कोंडी सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून चोवीस तास सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे सेफ्टी ऑफिसरनं आजच ठरवून नंबर भिंतीवर लावावा. ठेकेदाराकडच्या मुलांचे ईएसआय नंबरही त्याच यादीत असू द्यावेत.