दोन दुकाने आणि एक पत्र

प्रस्तावना

अन्याय दिसला की त्याविरुद्ध बोलावे, ही शिकवण जुनीच आहे. बोलण्याची साधने मात्र काळानुसार बदलत जातात. एके काळी गाऱ्हाणे चावडीवर मांडले जाई. पुढे ते पत्रक, मोर्चा आणि वर्तमानपत्र यांतून मांडले जाऊ लागले. आज मोबाइलवर टिपलेले एखादे दृश्य काही तासांत लाखो लोकांपर्यंत पोहोचते आणि ज्याच्यावर आरोप असेल त्याला साऱ्या जगासमोर जाब विचारला जातो. चुकीचे वर्तन जाहीरपणे दाखवून देणे, बहिष्काराची हाक देणे आणि लोकमताचा दबाव आणणे, ही इंटरनेटच्या काळातील सामाजिक न्यायाच्या चळवळीची परिचित रीत आहे. ही रीत आता पडद्यापुरती राहिलेली नाही. ती दुकानात, रस्त्यावर आणि महाविद्यालयातही उतरली आहे. ती तेथे उतरते तेव्हा काय घडते, हे अमेरिकेतील तीन सत्य घटनांच्या आधारे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यास पुढील गोष्टी करता येतील :
• जाहीर जाब विचारण्याच्या रीतीचे सामर्थ्य व मर्यादा सांगणे;
• पाहिलेली गोष्ट आणि ऐकीव गोष्ट यांतील फरक स्पष्ट करणे;
• ‘जाब’ आणि ‘संवाद’ या दोन मार्गांची तुलना करणे;
• आपल्या परिसरातील एखाद्या आरोपाचा शांतपणे विचार करणे.

मूळ पाठ

१. फिलाडेल्फियातील कॉफीचे दुकान

१२ एप्रिल २०१८ रोजी फिलाडेल्फिया शहरातील स्टारबक्स या कंपनीच्या कॉफीच्या दुकानात दोन कृष्णवर्णीय तरुण येऊन बसले. व्यवसायाच्या बोलणीसाठी त्यांना तेथे एका परिचिताची भेट घ्यावयाची होती. तो येईपर्यंत त्यांनी काही मागवले नव्हते. त्यांपैकी एकाने स्वच्छतागृह वापरण्याविषयी विचारले, तेव्हा ते केवळ ग्राहकांसाठी आहे, असे त्याला सांगण्यात आले. थोड्याच वेळात दुकानाच्या व्यवस्थापिकेने पोलिसांना बोलावले. पोलिसांनी त्या दोघांना बेड्या घातल्या आणि ते त्यांना घेऊन गेले. ज्याची ते वाट पाहत होते तो परिचित तोपर्यंत येऊन पोहोचला होता आणि अटकेचे कारण विचारत होता.

दुकानात उपस्थित असलेल्या काहींनी हा प्रसंग मोबाइलवर टिपला. चित्रफीत समाजमाध्यमांवर येताच ती लक्षावधी लोकांनी पाहिली. काही न मागवता कॉफीच्या दुकानात बसणे ही अनेकांची नित्याची सवय. मग संशय या दोघांवरच का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. दुकानासमोर निदर्शने झाली. त्या तरुणांवर कोणताही खटला भरला गेला नाही. कंपनीच्या प्रमुखाने फिलाडेल्फियाला येऊन त्यांची क्षमा मागितली. २९ मे २०१८ रोजी कंपनीने अमेरिकेतील आपली आठ हजारांहून अधिक दुकाने दुपारनंतर बंद ठेवली आणि कर्मचाऱ्यांना वर्णभेदाविषयी प्रशिक्षण दिले. त्या तरुणांनी कंपनीशी वेगळी तडजोड केली. शहर प्रशासनाशी झालेल्या समझोत्यात मात्र त्यांनी स्वतःसाठी प्रत्येकी एकच डॉलर घेतला आणि होतकरू तरुण उद्योजकांसाठी दोन लक्ष डॉलरचा उपक्रम सुरू करण्याचे वचन मिळवले.

चित्रफीत नसती, तर दोन तरुणांचा शब्द आणि एका मोठ्या कंपनीचा शब्द एवढेच उरले असते. अशा वेळी कोणाचा शब्द खरा मानला जातो, हे दुर्बलांना अनुभवाने ठाऊक असते. जाहीर जाब विचारण्याचे सामर्थ्य येथे स्पष्ट दिसते. या प्रकरणाला दुसरीही एक बाजू होती. त्या विभागातील दुकानांवर देखरेख करणाऱ्या एका गोऱ्या महिला अधिकाऱ्यास कंपनीने नोकरीवरून दूर केले. अटकेशी आपला संबंध नसताना केवळ वर्णामुळे आपला बळी दिला गेला, असे सांगून ती न्यायालयात गेली. जून २०२३ मध्ये ज्युरीने तिचे म्हणणे मान्य केले आणि कंपनीने तिला सुमारे २ कोटी ५६ लक्ष डॉलर द्यावेत, असा निर्णय दिला. संताप रास्त असला, तरी घाईने केलेली शिक्षा भलत्याच माणसावर पडू शकते.

पाठगत प्रश्न १
(अ) फिलाडेल्फियातील तरुण दुकानात कशासाठी आले होते?
(आ) शहर प्रशासनाशी झालेल्या समझोत्यात त्यांना काय मिळाले?

२. ओबर्लिनची बेकरी

ओहायो राज्यातील ओबर्लिन हे लहानसे गाव तेथील महाविद्यालयामुळे प्रसिद्ध आहे. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १८३५ मध्येच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचे ठरवले. १८३७ मध्ये स्त्रियांनाही पदवीच्या वर्गात घेतले. अन्यायाविरुद्ध उभे राहणे ही त्या गावाची परंपराच होय. याच गावात १८८५ पासून गिब्सन कुटुंबाची बेकरी चालत आली आहे. महाविद्यालयाच्या भोजनगृहांतही तिचा माल जात असे.

९ नोव्हेंबर २०१६ रोजी एका अल्पवयीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने त्या दुकानातून वाइन चोरण्याचा प्रयत्न केला. मालकांच्या कुटुंबातील एका तरुणाने त्याला अडवले आणि त्याचा पाठलाग केला. बाहेर झटापट झाली. तीत त्या विद्यार्थ्याचे दोन मित्रही सामील झाले. पोलिसांनी तिघा विद्यार्थ्यांना अटक केली. आदल्याच दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती आणि महाविद्यालयातील वातावरण आधीच तापलेले होते. गोऱ्या दुकानदाराने कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला धरले, एवढीच बातमी वेगाने पसरली.

दुसऱ्या दिवसापासून शेकडो विद्यार्थी बेकरीसमोर जमले. हे दुकान वर्णद्वेष्टे असून ग्राहकांचा वर्ण पाहून संशय घेण्याचा त्याचा इतिहास मोठा आहे, असे सांगणारी पत्रके वाटण्यात आली. तेथून काही विकत घेऊ नये, असे आवाहन त्यांत होते. विद्यार्थी प्रतिनिधी मंडळानेही त्याच आशयाचा ठराव केला आणि तो महाविद्यालयाच्या आवारात लावण्यात आला. महाविद्यालयाने बेकरीकडून होणारी खरेदी थांबवली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि दुकानाचा धंदा घसरला.

कृष्णवर्णीय माणूस दुकानात शिरला की त्याच्यावर नजर ठेवली जाते, हा अमेरिकेतील असंख्य लोकांचा खरा अनुभव आहे. म्हणूनच विद्यार्थ्यांना ही बातमी तत्काळ खरी वाटली. परंतु अनेक ठिकाणी खरी असलेली गोष्ट या ठिकाणीही खरी आहे काय, याची चौकशी आरोपापूर्वी झाली नाही. पोलिसांच्या नोंदींनुसार, आधीच्या पाच वर्षांत त्या दुकानातील चोरीबद्दल ४० प्रौढांना अटक झाली होती. त्यांपैकी ३२ गोरे आणि ६ कृष्णवर्णीय होते. ऑगस्ट २०१७ मध्ये तिन्ही विद्यार्थ्यांनी किरकोळ गुन्ह्यांची कबुली दिली आणि दुकानदाराची कृती वर्णद्वेषातून झालेली नव्हती, असे निवेदन न्यायालयात केले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कुटुंबाने महाविद्यालयावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. विद्यार्थ्यांच्या बोलण्याची जबाबदारी संस्थेवर टाकता येणार नाही, असा महाविद्यालयाचा बचाव होता. विद्यार्थ्यांच्या तोंडी घोषणांना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पत्रक आणि ठराव यांतील मजकूर अब्रुनुकसानकारक असून त्याच्या प्रसारास महाविद्यालयाने हातभार लावला, असा निष्कर्ष निघाला. जून २०१९ मध्ये ज्युरीने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अपील दाखल करून घेण्यास नकार दिल्यावर महाविद्यालयाने ३ कोटी ६५ लक्ष डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. तोवर दुकानाचे दोन ज्येष्ठ मालक जगात उरले नव्हते. पुत्राचे निधन नोव्हेंबर २०१९ मध्ये झाले होते, तर नव्वदी ओलांडलेल्या पित्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये. गेलेले नाव कागदावर परत मिळाले, पण ते पाहावयास दोघेही राहिले नाहीत.

पाठगत प्रश्न २
(अ) ओबर्लिनच्या विद्यार्थ्यांना दुकानाविरुद्धची बातमी तत्काळ खरी का वाटली?
(आ) न्यायालयाने तोंडी घोषणा आणि लेखी मजकूर यांत कोणता भेद केला?

३. तुरुंगातून आलेले पत्र

तिसरी घटना इंटरनेटच्या आधीची आहे. परंतु इंटरनेटच्या काळालाच ती अधिक उपयोगी पडते. लोरेटा रॉस या कृष्णवर्णीय स्त्रीवादी कार्यकर्त्या सत्तरच्या दशकात वॉशिंग्टन येथे बलात्कारपीडित स्त्रियांना साहाय्य करणाऱ्या केंद्रात काम करीत होत्या. त्या स्वतःही या अत्याचारातून गेलेल्या होत्या. एके दिवशी केंद्राकडे तुरुंगातून एक पत्र आले. पत्र लिहिणारा बलात्काराच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगत होता. आपण तुरुंगाबाहेर स्त्रियांवर आणि आत पुरुषांवर अत्याचार केले असून यापुढे आपल्याला तसे राहावयाचे नाही, असे सांगून त्याने मदत मागितली होती.

रॉस यांना प्रथम संतापच आला. पीडितांना पुरेल एवढे साधन हाती नसताना अत्याचार करणाऱ्याने मदत मागावी, हे त्यांना सहन होईना. अखेर त्या तुरुंगात गेल्या. त्या माणसाभोवती आणखी काही कैदी जमले होते. रॉस आणि त्यांच्या सहकारी यांनी त्यांना स्त्रीवादी विचारांची ओळख करून दिली, त्यांच्याबरोबर वाचन व चर्चा केली. पुरुषाचे वर्चस्व आणि हिंसा यांचा संबंध त्या कैद्यांना तेथे प्रथमच समजू लागला. गुन्हा क्षम्य आहे, असे रॉस यांनी कधीही म्हटले नाही. शिक्षा चालूच होती. परंतु बदलू पाहणाऱ्यास बदलण्याची वाट कोणी तरी दाखवली पाहिजे, हे त्यांना त्या अनुभवाने पटले.

पुढे मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ महाविद्यालयात अध्यापन करताना रॉस यांनी हाच विचार तरुण विद्यार्थ्यांपुढे मांडला. २०१९ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात त्यांनी चारचौघांत जाब विचारण्याच्या संस्कृतीवर टीका केली. चुकलेल्या माणसाला बाजूला घेऊन, त्याचा मान राखून, परंतु चूक न झाकता बोलावे, असा त्यांचा आग्रह आहे. जाहीर जाब कधीच विचारू नये, असे मात्र त्या म्हणत नाहीत. जाणूनबुजून इतरांना दुखावणारे आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असलेले सत्ताधीश यांच्याशी खासगीत बोलून काही साधत नाही. तेथे जाहीर आवाजच लागतो. शेजारी, सहाध्यायी, सहकारी किंवा अजाणतेपणी चुकलेला माणूस यांच्यासाठी तोच आवाज वापरला, तर माणूस सुधारण्याऐवजी दुरावतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

या तिन्ही घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. फिलाडेल्फियात लोकांनी जे पाहिले त्याविषयी जाब विचारला. ओबर्लिनमध्ये जे गृहीत धरले त्याविषयी. तुरुंगातील कैद्याचा गुन्हा या दोन्ही प्रसंगांहून कितीतरी घोर होता. तरीही त्याच्याशी बोलणारे कोणी तरी होते. न्यायाची तळमळ तिन्ही ठिकाणी होती. घटना नीट तपासली गेली काय आणि जाब विचारल्यानंतर समोरच्या माणसाला परतीची वाट उरली काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत त्या वेगळ्या ठरल्या. अन्यायाविरुद्ध बोलताना हे दोन प्रश्न स्वतःला विचारण्यास फार वेळ लागत नाही. ते न विचारल्यास मात्र एका अन्यायाच्या जागी दुसरा उभा राहतो.

शब्दार्थ

जाब विचारणे – कृत्याचे कारण व उत्तर मागणे
समझोता – परस्परसंमतीने केलेली तडजोड
अब्रुनुकसानी – खोट्या विधानाने होणारी नावाची हानी
ज्युरी – खटल्यातील वस्तुस्थितीविषयी निर्णय देणारे नागरिकांचे मंडळ
गृहीत धरणे – पुराव्यावाचून खरे मानणे
चारचौघांत – सर्वांसमक्ष

आपण काय शिकलो?

• जाहीर जाबामुळे दुर्बलांचा आवाज ऐकला जातो.
• सर्वसाधारण अनुभव खरा असला, तरी विशिष्ट आरोपाची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.
• दोष न झाकता माणसाशी संवाद साधणे हाही न्यायाचाच मार्ग आहे.

स्वाध्याय

१. ‘संताप रास्त असला, तरी घाईने केलेली शिक्षा भलत्याच माणसावर पडू शकते.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. जाहीर जाब केव्हा विचारावा आणि केव्हा बाजूला घेऊन बोलावे, याविषयी लोरेटा रॉस यांचे मत ८० ते १०० शब्दांत लिहा.
३. ओबर्लिनच्या विद्यार्थ्यांच्या जागी आपण असता, तर निदर्शनांपूर्वी कोणकोणती माहिती मिळवली असती? यादी करा.
४. आपल्या वस्तीतील एका दुकानदाराविरुद्ध मोबाइलवर संदेश फिरत आहे, अशी कल्पना करा. तो पाठवणाऱ्या मित्रास पत्र लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरवणे, हातभार लावणे, बळी देणे.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) व्यवसायाच्या बोलणीसाठी एका परिचिताला भेटण्यास. (आ) प्रत्येकी एक डॉलर आणि तरुण उद्योजकांसाठी दोन लक्ष डॉलरच्या उपक्रमाचे वचन.
२. (अ) कृष्णवर्णीय ग्राहकांवर संशय घेतला जाण्याचा अनुभव अमेरिकेत अनेकांना आलेला असल्यामुळे. (आ) तोंडी घोषणांना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. पत्रक व ठराव यांतील लेखी मजकूर मात्र अब्रुनुकसानकारक ठरला.