जाडी वातीची, परीक्षा मेणबत्तीची

दिवाळी जवळ आली की कॉलेजच्या गेटपाशी स्टॉल लागतात, आणि त्यात रंगीत पिलर मेणबत्त्या हमखास खपतात. पिलर म्हणजे ग्लासात न ओतलेली, स्वतःच्या पायावर उभी राहणारी जाडजूड मेणबत्ती. ती बनवताना सगळं डिस्कशन रंगावर आणि वासावर होतं. वात मात्र दुकानदार देईल ती! खरं तर मेणबत्तीत मशीन म्हणावं असा एकच पार्ट असतो, तो म्हणजे वात. बाकीचं सगळं नुसतं इंधन.

मित्रांनो, वातीचं काम फर्स्ट इयरच्या फिजिक्सचं आहे. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं. ते केशाकर्षणाने वातीतून वर चढतं, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. (केशाकर्षण म्हणजे आपलं कॅपिलरी ॲक्शन. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी हा खुलासा!) वात जाड असेल तर मेण जास्त चढतं आणि ज्योत मोठी होते. वात बारीक असेल तर उलट. घरी आजीला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. म्हणून ती निरांजनात फुलवात ठेवते आणि समईत लांब वात घालते. भांडं बदललं की वात बदलते.

मग पिलरचं भांडं कुठलं? इथेच खरी गंमत आहे. पिलरला भांडंच नसतं. बाहेरची न वितळलेली मेणाची भिंत हेच तिचं भांडं. ग्लासातल्या मेणबत्तीत मेण काचेपर्यंत वितळलं तरी चालतं. पिलरमध्ये ते कडेपर्यंत गेलं की भिंत फुटते आणि गरम मेण टेबलावर येतं. म्हणून त्याच व्यासाच्या ग्लासातल्या मेणबत्तीपेक्षा पिलरला सहसा थोडी बारीक वात लागते.

वात निवडताना बघायचा तो व्यास, उंची नाही. व्यास ५ सेंमीवरून ७.५ सेंमी केला की वितळवायचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. पण म्हणून वात सव्वादोन पट जाड घ्यायची नाही. ज्योत फार मोठी झाली की तिला हवा पुरत नाही आणि ती काजळी सोडते. फार रुंद मेणबत्तीत एका जाड वातीऐवजी दोन-तीन वाती अंतर ठेवून लावतात, ते याचसाठी.

वात विणलेली, सुतीच घ्या. साध्या पीळदार दोऱ्याचं टोक ज्योतीत उभंच राहतं आणि त्यावर कोळसा साठतो. पूर्वी तो सारखा कात्रीने कापावा लागायचा. १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस याने विणलेली वात काढली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे जळून जातं. नायलॉन मिसळलेला दोरा तर नकोच, तो वितळतो. वात साच्यात घालण्याआधी वितळलेल्या मेणात बुडवून सरळ करून घ्या, म्हणजे आतली हवा निघून जाते.

आता नंबरचा प्रश्न. रीळावरच्या नंबरवर आंधळा विश्वास नको, कारण एका कंपनीचा नंबर दुसरीशी जुळेलच असं नाही. शिवाय मेण, रंग आणि सुगंधी तेल बदललं की उत्तरही बदलतं. तेव्हा प्रॅक्टिकलला पर्याय नाही. एकाच मेणाच्या, एकाच साच्यातल्या तीन मेणबत्त्या करा: एक अंदाजाची वात, एक तिच्याहून बारीक, एक जाड. एक दिवस तशाच ठेवा. वात ६ मिमी उंच कापा. पंखा बंद करून स्टीलच्या ताटात पेटवा. व्यासाच्या दर २.५ सेंमीला एक तास, म्हणजे ७.५ सेंमीच्या पिलरला तीन तास. मग पट्टी घेऊन बघा:

१. मेणाचं तळं कडेच्या ५ ते १० मिमी अलीकडे थांबलं, ज्योत शांत आहे: वात बरोबर.
२. मध्ये खोल बोगदा, कडेला जाड मेण तसंच, ज्योत बुडायला आलेली: वात बारीक.
३. ज्योत उंच आणि नाचरी, काजळी, वातीवर कोळशाची छत्री, तळं कडेला टेकलेलं: वात जाड.

मेणबत्तीचं आधीचं आणि नंतरचं वजनही लिहून ठेवा. समजा तीन तासांत १८ ग्रॅम मेण गेलं, म्हणजे तासाला ६ ग्रॅम. एका ग्रॅममधून साधारण ४४ किलोज्यूल उष्णता मिळते. हिशोब केला तर सुमारे ७३ वॅट येतात. एवढीशी ज्योत, पण जवळजवळ सीलिंग फॅनएवढी पॉवर!

एका टेस्टवर पास करू नका. मेणबत्ती संपेपर्यंत रोज जाळा. ज्योत खाली गेली की भिंतीच्या आत उष्णता कोंडते, आणि पहिल्या दिवशी शहाण्यासारखी वागलेली मेणबत्ती चौथ्या दिवशी फुटू शकते. म्हणून दोन वातींमध्ये अडलात तर बारीक घ्या.

हे सगळं रूमवर करायचं नाही. गादी, पडदा, दोरीवरचे टॉवेल आणि जर्नलचे गठ्ठे, आपली रूम म्हणजे काड्यापेटीच आहे. रेक्टर सरांची किंवा लॅबवाल्या सरांची परवानगी घ्या आणि पेटती मेणबत्ती सोडून चहाला जाऊ नका. मेण थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मेणाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण टाका. पाणी कधीच नाही. ते मेणाच्या खाली जाऊन त्याची एकदम वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. कारण स्टॉलवरून मेणबत्ती घेणाऱ्या मावशी टेस्ट करणार नाहीत. त्या ती घरी नेतील, टीव्हीशेजारी लावतील आणि फराळाचं बघायला आत जातील. आपण तिथे नसू. त्यांच्या वतीने तीन तास ताटासमोर बसणं, हे काम विकण्याआधी आपणच करायचं असतं.