ग्राफिक्स कार्डला मेमरी किती घ्यावी?

पीसी जोडून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्चरची पोरं, गेम खेळणारे, असे सगळे येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘आठचं कार्ड घेऊ की सोळाचं?’ त्यांना जे सांगतो ते इथे लिहितोय.

१. मेमरी पुरली तर जादाची काही कामाची नाही, पण अपुरी पडली तर खेळच थांबतो.
२०२३ साली एनव्हिडियाने आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आणलं. चिप तीच, अमेरिकेतल्या किमतीत फरक १०० डॉलरचा. आठात मावणाऱ्या गेममध्ये दोन्ही जवळपास सारखीच पळतात. कार्डाची मेमरी भरली, की उरलेला डेटा पीसीच्या रॅममध्ये जाऊन पडतो आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने ये-जा करतो. साध्या आरटीएक्स ४०६० ला स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी डेटा मिळू शकतो. त्या वाटेने मिळतो जेमतेम १६ जीबी. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर त्याच्याही निम्मा. मग सरासरी फ्रेम रेट बरा दिसतो, पण गेममध्ये झटकन मागे वळून पाहिलं की चित्र गचके खातं. म्हणून जुना बोर्ड ठेवून नुसतं कार्ड बदलणाऱ्याला मी मेमरीत काटकसर करू देत नाही.

२. खोक्यावरच्या जीबीवरून वेग कळत नाही.
‘चार जीबीचं कार्ड’ म्हणून डीडीआर३ मेमरीचं जीटी ७३० आपल्याकडे भरपूर विकलं गेलं. चार जीबी लागतील असा गेम चालवण्याची ताकदच त्या चिपमध्ये नव्हती. आईवडिलांनी पैसे साठवून घेतलेलं असं कार्ड एखादं पोरगं हौसेने दाखवतं, तेव्हा फार वाईट वाटतं. जीटी १०३० तर एकाच नावाने दोन प्रकारचं आलं, दोन्ही २ जीबी. जीडीडीआर५ वालं सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतं, डीडीआर४ वालं १७ सुद्धा नाही. बिल करण्याआधी मेमरीचा प्रकार आणि बस किती बिटची आहे, ते विचाराच.

३. नाव एक असलं तरी कार्ड एकच असेल असं नाही.
३ जीबीच्या जीटीएक्स १०६० मध्ये कोअर ११५२ होते, ६ जीबीच्या कार्डात १२८०. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड १९२ बिट बसचं, ८ जीबीचं १२८ बिटचं.

४. एडिटिंगवाल्यांनी फुटेजचा हिशेब करावा.
दाविंची रिझॉल्व्हमध्ये चित्रावर प्रक्रिया ३२ बिट फ्लोटमध्ये होते. म्हणजे फोर-केची एकच फ्रेम सुमारे १३० एमबीची. आता हळदीचा रात्रीचा कार्यक्रम घ्या: मंडपात उजेड कमी, फुटेजमध्ये दाणे. टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावलं, की आजूबाजूच्या फ्रेमसुद्धा एकदम मेमरीत येतात. त्यावर कलर ग्रेडचे चार-पाच नोड चढवले, की जीपीयू मेमरी भरल्याचा निरोप येतो आणि रेंडर थांबतं. टाइमलाइन एचडीवर आणून वेळ मारून नेता येते, पण गिऱ्हाइकाला फोर-केच द्यायचं असेल तर १२ जीबीच्या खाली उतरू नका, आणि जमलं तर सोळाच घ्या.

५. आहे त्या कार्डावर आधी मोजून बघा.
टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू. तिथे ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन आकडे असतात. डेडिकेटेड भरलेलं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. मोकळी जागा दिसली की बरेच गेम ती अडवून ठेवतात. डेडिकेटेड काठोकाठ, शेअर्ड चढत चाललेलं आणि चित्र अडखळतंय, असं तिन्ही एकदम दिसलं तरच मेमरी कमी आहे असं समजा.

६. थ्रीडी आणि एआयचा हिशेब निराळा.
ब्लेंडरमध्ये आठ-आठची दोन कार्डं लावली तरी सोळा जीबीचा सीन मावत नाही, कारण दोन्ही कार्डांवर सीनची स्वतंत्र प्रत लागते. रेंडर लवकर होईल, एवढंच. घरच्या पीसीवर ७ अब्ज पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल चालवायचं, तर १६ बिटमध्ये नुसत्या मॉडेललाच १४ जीबी लागतात. ४ बिटमध्ये साडेतीन, वर संभाषणासाठी थोडी जागा. या कामाला मी थोडं हळू पण जास्त मेमरीचं कार्ड सुचवतो.

७. बजेट कमी असेल तर दुसरीकडे हात आखडा.
कार्डावरच्या मेमरी चिप सोल्डर केलेल्या असतात, नंतर वाढवायची सोय नाही. रॅमची एक स्टिक आत्ता घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. एसएसडी पुढच्या वर्षी जोडता येते. रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेची कॅबिनेट यादीतून काढली, की आठवरून बारावर जाण्याइतके पैसे पुष्कळदा तिथेच निघतात.