यतीमांची सेवा : हित कोणाचे?

सूरह बकराच्या २२० व्या आयतीत यतीमांविषयी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. यतीमांची संपत्ती अन्यायाने खाणाऱ्यांना कडक इशारा देण्यात आला, तेव्हा काही सहाबांनी ईशभयापोटी आपल्या घरातील यतीमांचे अन्नपाणीही वेगळे केले. त्यातून मुलांचीच अडचण होऊ लागली. त्यावर मार्गदर्शन आले, की ज्यात त्यांचे हित आहे तेच उत्तम. त्यांना आपल्यात मिसळून घेतले तर ते तुमचे बंधूच आहेत, आणि बिघाड करणारा कोण व हित साधणारा कोण, हे अल्लाह जाणतो. यतीमाच्या सेवेची कसोटी येथे निश्चित झाली. यतीमाचे हित ही ती कसोटी होय. सेवा करणाऱ्याचे समाधान नव्हे.

आज या कसोटीची आठवण करून देणे आवश्यक झाले आहे. रमजानमध्ये यतीमखान्यात इफ्तार दिला जातो. परदेशी स्थायिक झालेले आपले तरुण सुट्टीत घरी आले, की काही दिवस तेथे सेवा करू इच्छितात. पाश्चात्त्य देशांतील तरुण याच भावनेने नेपाळ, कंबोडिया येथील अनाथालयांत जातात. त्यांच्या निय्यतीवर शंका घेण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु कंबोडियात युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की तेथील अनाथालयांतील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुणे व देणग्या यांच्या आधारावर संस्था वाढत गेल्या आणि गरिबांची मुले घरापासून दुरावली. शिवाय जो पाहुणा आठ दिवस लळा लावतो आणि निघून जातो, तो मुलाला पुन्हा एकदा पोरके करतो.

याउलट उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचा सांभाळ केला आणि त्यांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वंशाच्या नावाविषयी शरिअतचा नियम वेगळा आहे. सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीत तो आलेला आहे. तरीही या कार्यातून घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बाहेर काढू नये, हा त्यांचा आग्रह राहिला आहे. सेवा म्हणजे भेट देणे नव्हे, सोबत राहणे होय.

आता यतीम कोणाला म्हणावे, हे पाहू. शरिअतच्या परिभाषेत ज्या अल्पवयीन मुलाचे वडील वारले, ते मूल यतीम होय. मग त्याची आई हयात का असेना. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले. आईच्या निधनानंतर आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी आणि त्यांच्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांचा सांभाळ केला. हे संगोपन आप्तांच्या घरात झाले. म्हणून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांत ज्या शेतकऱ्यांनी कर्जाच्या व नापिकीच्या ओझ्याखाली जीवन संपविले, त्यांची आईजवळ राहणारी लहान मुले, मग ती कोणत्याही धर्माची असोत, याच व्याख्येत येतात. दूरचे यतीम शोधताना शेजारचे यतीम दृष्टीआड होत नाहीत ना?

भारताचा बाल न्याय अधिनियम, २०१५ हाही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. महाराष्ट्रातील बाल संगोपन योजनेत पात्र मुलाला घरीच राहून दरमहा २२५० रुपयांचे साहाय्य मिळू शकते. एखाद्या विधवा भगिनीचा अर्ज भरून देणे, मृत्यूचा दाखला मिळवून देणे, तिच्यासोबत जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जाणे, हीदेखील यतीमाची कफालत आहे. त्यामुळे मूल आईपासून तुटत नाही.

संस्थेत जायचेच असेल, तर काही मर्यादा पाळाव्यात. संस्था नोंदणीकृत आहे का, याची खात्री करावी. मुलांशी थोड्या दिवसांची जवळीक साधण्यापेक्षा शिक्षक, औषधोपचार व शुल्क यांसाठी नियमित साहाय्य द्यावे. ज्याला शिकवावयाचे आहे, त्याने वर्षभर ठरलेल्या वारी यावे. मुलांची छायाचित्रे प्रसारित करू नयेत. उपरोक्त अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कायदा नसता तरी सूरह बकराची २६४ वी आयत पुरेशी होती. उपकार बोलून दाखविल्याने, मन दुखविल्याने व लोकांना दाखविण्यासाठी दिल्याने दान वाया जाते, असे ती बजावते.

यतीमाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती निकट असेल, हे प्रेषितांनी (स.) तर्जनी व मधले बोट दाखवून सांगितले. बुखारीतील ही हदीस आपल्याला पाठ असते. पण ही शुभवार्ता सांभाळ करणाऱ्यासाठी आहे, पाहून परतणाऱ्यासाठी नव्हे. अल्लाह आपल्याला यतीमांचे खरे हित ओळखण्याची व ते साधण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.